चुना न धरलेला दगड

कोणी काही सांगायला आलं की साहेब आधी चष्मा काढायचे. खिशातल्या रुमालाने काचा पुसायचे, एकदा उजेडाकडे धरून बघायचे, चष्मा परत नाकावर चढवायचे आणि म्हणायचे, "दोन्ही बाजू ऐकून घेऊ."

एवढं होईपर्यंत समोरचा माणूस आपण काय सांगायला आलो होतो ते अर्धं विसरलेला असायचा.

"साहेब, बोट दोन तास उशिरा आहे," मी सांगायची. "यात दुसरी बाजू कुठली?"

"बोटीची," ते म्हणायचे.

हा विनोद नव्हता. ते खरोखरच बंदरावर जाऊन तांडेलाजवळ बसायचे, वारा कुठला, देवगडला किती माल चढला, हे सगळं विचारून यायचे आणि मला सांगायचे, "बोटीचं म्हणणं तसं रास्त आहे." तोवर अकरा माणसांचा भात गार झालेला असायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्यावर रागावताही येत नाही, कारण तो आवाज चढवत नाही. आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही, कारण काम जागचं हलत नाही.

मालवणच्या बंदरावर आमची बोटीच्या तिकिटांची एजन्सी होती. नवरा गेल्यावर ती मी चालवायला घेतली. बाई माणूस काय चालवणार म्हणून चार लोक बघायला आले, दोन महिन्यांनी तेच तिकिटं काढायला आले. मुंबईची बोट इथे धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, भोंगा द्यायची आणि माणसं पडावांतून, म्हणजे होड्यांतून, किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात सगळं बंद. साहेब पहिल्यांदा आले ते पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बोटीने. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, आणि टाय मात्र जागच्या जागी.

ते निवृत्त झालेले होते. दोन-तीन देशांतल्या आपल्या वकिलातींत त्यांची नोकरी झाली होती. जन्माने बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणात शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू. गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारचे तेली म्हणत. त्या वर्षांत ही मंडळी घरंदारं आवरून इस्राएलला निघाली होती. साहेबांचं म्हणणं असं, की जायचं तर जा, पण जाण्याआधी आपण जिथून आलो ते गाव एकदा डोळ्यांनी बघून जा. त्यासाठी त्यांनी एक मंडळ काढलं. नफ्याचा हेतू नाही. मंडळाला छापील कागद होता, गोल शिक्का होता, घटना होती. सभासद पाच होते आणि त्यातले दोन घरचे.

तिकिटांच्या निमित्ताने ते तासभर माझ्या समोरच्या बाकावर बसले आणि गेले. पंधरा दिवसांनी पत्र आलं की मंडळाच्या सभेत माझी मालवण विभागाची मानद चिटणीस म्हणून एकमताने निवड झाली आहे. मी उलट टपाली कळवलं की मला वेळ नाही. त्यांचं उत्तर आलं, "आपल्या अडचणीची नोंद घेतली आहे." पाठोपाठ पहिला गटच आला, आठ माणसांचा, आणि बंदरावर उभा राहून चिटणीसबाई कुठे म्हणून विचारू लागला. काय करता?

तेव्हापासून नऊ वर्षं मी ते काम केलं. दर हंगामात दोन नाहीतर तीन गट. माझ्या माडीवरच्या तीन खोल्यांत त्यांची उतरायची सोय. जेवणाचं तर विचारूच नका. मालवणात येऊन तिसऱ्या चालणार नाहीत, कुर्ल्या चालणार नाहीत, कोलंबी नाही, मोरी नाही. ज्याला खवले तोच मासा. माझी स्वयंपाकीण साहेबांपुढे रोज बाजारातली टोपली आणून ठेवायची आणि साहेब चष्मा पुसून एकेक मासा उलटासुलटा करून बघायचे. मटणाबरोबर दूध चालत नाही हे समजल्यावर ती घाबरली. साहेबांनी तिला पाऊण तास समजावलं की नारळाचं दूध हे दूध नव्हे. शेवटी ती मला म्हणाली, "वयनी, तेंका सांगा, माका आधीच ठावक आसा. नारळाक आचळा नसतत."

पत्रं लिहिण्याची त्यांची तऱ्हा निराळी. बैलगाडीवाल्यालाही ते लिहायचे, "आपल्या सोयीचा आम्ही आदरपूर्वक विचार करीत आहोत." गाडीवाल्याला वाचता येत नसे, मी वाचून दाखवायची. तो म्हणायचा, "म्हंजे गाडी व्हयी काय नको?" ते मलाही कळलेलं नसायचं.

एकदा रेडीला कोणाच्या तरी आडात अनोळखी अक्षरांचा दगड आहे असं कळलं म्हणून साहेबांनी दहा माणसं तिथे नेली. खनिजाच्या गाड्यांची तांबडी धूळ खात आम्ही पोचलो. दगड निघाला हद्दीचा. मालक आणि शेजारी यांच्यात त्याच हद्दीवरून भांडण चाललेलं. साहेब बसले दोन्ही बाजू ऐकायला. दहा माणसं उन्हात, बायकांची पांढरी पातळं विटकरी झालेली. मी मधे जाऊन म्हटलं, "साहेब, हा आपला दगड नाही." ते म्हणाले, "बाई, कोणाचा तरी आहे ना?"

आता मी ज्या दिवसाबद्दल सांगणार आहे तो या सगळ्यानंतरचा.

कालावलच्या खाडीपलीकडे एक लहान गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याकडे तिकिटं काढायला येतात. गावाबाहेर काजूच्या उतारावर सात जुने दगड होते. पूर्वी इथे शनवारच्या तेल्यांची चार घरं होती, त्यांच्या त्या कबरी. कोणाची कुठली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांना हे कळलं आणि त्यांनी मुंबईत विचारपूस केली. त्यातून रिबकाबाई सापडल्या.

रिबकाबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. पाच वर्षांच्या असताना त्यांची आई या गावात वारली. बापाने घाणा मोडला आणि मुलीला घेऊन मुंबई गाठली. त्यानंतर त्या कधी इकडे आल्या नव्हत्या. आता मुलगा त्यांना इस्राएलला घेऊन चालला होता. त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं, "मला आईपाशी घटकाभर बसायचं आहे. मग कुठेही न्या."

साहेबांनी लगेच ठराव केला. मंडळाचे एक मास्तर होते, धर्माचे जाणकार, कडक माणूस, पण खोटेपणा नाही. त्यांनी खटपट करून एक संगमरवरी फरशी घडवून घेतली. तिच्यावर हिब्रूत आणि मराठीत रिबकाबाईंच्या आईचं नाव, साराबाई. फरशी गोणपाटात गुंडाळून बोटीतून पडावात, पडावातून गाडीत, असं करायला चार माणसं लागली आणि चौघांनीही मला शिव्या दिल्या, कारण साहेबांना कोण देणार.

बोट गुरुवारी यायची ती वाऱ्यामुळे शुक्रवारी सकाळी आली. तिथून सगळं बिघडलं. शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा शब्बाथ लागतो. मग शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत गाडीत बसायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, कसलंही काम करायचं नाही. रविवारी सकाळी परतीची बोट. आणि पुढच्या आठवड्यात रिबकाबाईंचं जहाज. म्हणजे जे काय करायचं ते त्या एका दुपारी. मी कागदावर वेळा मांडल्या. साडेतीनला तिथे, अर्ध्या तासात फरशी बसवायची, प्रार्थना, साडेचारला परत तरीवर, म्हणजे खाडीच्या होडीवर, सूर्य मावळायच्या आत माझ्या माडीवर. साहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उत्तम. बघू."

मी साडेचारच्या आकड्याखाली दोनदा रेघ ओढली.

तरीचा होडीवाला पांडू त्याच गावचा. मी त्याला आठ दिवस आधी निरोप दिला होता की जागा साफ करून ठेव, मुंबईची माणसं येतायत. आम्ही उतारावर पोचलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. झुडपं तोडलेली, पाला झाडलेला, आणि सातांपैकी सहा दगड चुन्याने पांढरेफटक रंगवलेले. एकच काळा.

"पांडू, ह्या काय केलंस?"

"साफ केलंय, वयनी. तुमीच सांगितलास."

"चुनो कोणी सांगितलो तुका?"

"मुंबयची माणसा येतली, तेंका काय काळे दगड दाखवचे?"

"आणि हो एक कित्याक ठेवलस?"

"हेका तीन हात मारलंय," पांडू म्हणाला. त्याच्या आवाजात खरी तक्रार होती. "धरणाच नाय. सुकलो काय पापडासारखो सुटता."

गावातली चार माणसं आमच्या मागून आली होती. त्यांत गावचे मानकरी दाजी होते आणि भागी नावाची एक म्हातारी सुईण होती. भागी हसली. "धरतलो कसो? तेल मुरलेला आसा दगडात."

"तेल कोण घालता?" मी विचारलं.

"आमी बायका. बाळंतपणाआधी. माज्या आवशीन घातलेला, मी घातलंय, माज्या सुनांनी घातलेला. ही तेलणीची जागा, वयनी. शनवारची तेलीण. खयच्याय घरात बाळंतीण अडली काय तेल घेवन धावत येय. शनवारी घाणो बंद, पण अडलेल्या बाळंतिणीकडे शनवारीय येय. मगे सोताच्याच बाळंतपणात गेली. माजी आवस थय होती. मागे एक चेडू रवला इवलासा."

रिबकाबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या भागीला म्हणाल्या, "तिचं नाव सारा होतं."

"नाव माका ठावक नाय गो," भागी म्हणाली आणि त्यांच्याकडे नीट बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "ता चेडू तू काय?"

ती मुलगी आपणच म्हणून रिबकाबाईंनी मान हलवली आणि जाऊन दगडापाशी बसल्या. इतकं सरळ. मला वाटलं, झालं, कबर सापडली, पांडूच्या मूर्खपणाने का होईना, आता फरशी बसवा आणि चला. पण मास्तरांनी दगडाभोवती बघितलं. नारळाच्या करवंट्या होत्या, कुंकू होतं, तेलाचे ओघळ होते. त्यांचा चेहरा उतरला.

"हे आपल्यात बसत नाही," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाला आपण नवस बोलत नाही. ही आपली बाई आहे, हिला यांनी देव केलं. हा दगड काढून इथे फरशी बसली पाहिजे. नावासकट. निदान हे तेल तरी घासून काढू."

दाजी गावकरांनी ते ऐकलं. ते मोठ्याने बोलत नसत. "दगडाक हात लावचो नाय," ते म्हणाले. "लावचो तर आधी देवाचो कौल घेवक व्हयो. आणि कौल काय आज होवचो नाय. गावातल्या दोन बायको आजच्या उद्या बाळंत होवच्या आसत. तेंचा काय?"

"आमच्या माणसाची कबर आहे," मास्तर म्हणाले.

"आमची पण आसा ती," दाजी म्हणाले.

मी रिबकाबाईंकडे बघितलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्यांना पुरी घटकाभरही मिळणार नाही आणि ही माणसं त्यांच्या डोक्यावर दगडावरून झोंबणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं. मी साहेबांना म्हटलं, "तुम्ही काहीतरी एक ठरवा. हो किंवा नाही. चार वाजत आले."

साहेबांनी चष्मा काढला.

तोवर मी त्यांच्यावर इतकी कधी संतापले नव्हते. ते म्हणाले, "मास्तर, दाजी, इथे उभ्याने नको. त्या काजूखाली बसू. दोन्ही बाजू नीट ऐकून घेऊ. बाई, तुम्ही टिपणं घ्या. दोन प्रतींत."

काजू तिथून पन्नासेक पावलांवर. सगळी माणसं त्यांच्यामागून गेली. साहेबांपुढे माणसं अशी का जायची ते मला कधी कळलं नाही. मी वही घेऊन बसले. साहेबांनी आधी दाजींना विचारलं की ही चाल कधीपासूनची. दाजींनी आपल्या आजोबांपासून सुरुवात केली. साहेबांनी आजोबांच्या वडिलांचं विचारलं. मग मास्तरांकडे वळून विचारलं, की शास्त्रात नेमकं काय म्हटलं आहे, आणि त्याला मतभेद आहेत का. मास्तरांना मतभेद विचारणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ते प्रामाणिक माणूस, एकेक मत आणि त्याच्याविरुद्धचं मत सांगत बसले. मधेच साहेबांनी दाजींना विचारलं, "गावात शाळा आहे ना? रात्री रिकामी असते?" मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मग भागीला विचारलं, "पोहे कुठले खाता तुम्ही, घरचे की बाजारचे?" मी पेन्सिल आपटली.

"साहेब, साडेपाच."

"हो. दाजींचं अर्धवट राहिलं आहे."

मी लिहिता लिहिता मधून मधून दगडाकडे बघत होते. रिबकाबाई एकट्याच होत्या. त्यांनी हात दगडावर ठेवला होता आणि काहीतरी बोलत होत्या. भांडल्यासारखं, मधेच थांबून, उत्तर ऐकल्यासारखं. मग त्यांनी हात उचलून बघितला. तळवा तेलाने चकचकीत झाला असणार. मला वाटलं, आता पदराला पुसतील. त्यांनी अंबाडा सोडला आणि तो हात केसांवरून फिरवला, टाळूपासून खाली, दोन-तीनदा. परत दगडाला लावला, परत फिरवला. मी वहीत तोंड घातलं. टिपणांच्या त्या पानावर दोन ओळी एकमेकींवर लिहिल्या गेल्या आहेत.

गटातल्या दोन बायका आणि भागी कधी उठून गेल्या ते मला कळलं नाही. साहेबांनी शेवटी मला टिपण वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. मग दुसरी प्रतही वाचायला सांगितली, फरक नको म्हणून. ती वाचून संपली तेव्हा अक्षरं दिसेनाशी झाली होती. साहेबांनी खाडीच्या तोंडाकडे बघितलं. पाणी तांबूस होतं आणि सूर्य नव्हता.

"मास्तर," ते अगदी हळहळून म्हणाले, "शब्बाथ लागला."

मास्तरांनी आभाळ बघितलं. मग फरशी बघितली, मग साहेबांना. दगड उचलायचा नाही, घासायचा नाही, खणायचं नाही. उद्या दिवसभर नाही. परवा पहाटे बंदर. मास्तर हुशार माणूस. त्यांना सगळं एकदम कळलं. ते म्हणाले, "तुम्ही परराष्ट्र खात्यात नक्की काय काम करत होता?"

"हेच," साहेब म्हणाले.

आता प्रश्न माझा. अकरा माणसं, परगाव, विस्तव चालत नाही, गाडी चालत नाही. मी दात-ओठ खात शाळेकडे गेले, तर तिथे चटया अंथरलेल्या आणि त्या दोन बायकांनी सूर्य मावळायच्या आधीच येऊन शब्बाथचे दिवे लावून ठेवलेले. त्यांना कोणी सांगितलं म्हणून विचारलं. साहेबांनी, खाडी ओलांडतानाच होडीत, पांडूचं सगळं ऐकून झाल्यावर: दिवे हाताशी ठेवा, रात्र इथेच पडेल. भागी आणि तिची सून एका पातेल्यात घरचे पोहे भिजवत होत्या. ओलं खोबरं आधीच खवून झालेलं, गूळ चिरलेला, केळी सोललेली. बेने इस्राएल लोक शुभकार्याला पोह्यांचा मलिदा करतात, त्याला विस्तव लागत नाही. भागीने तो पहिल्यांदाच केला, पण रिबकाबाईंनी चव बघून मान हलवली. "आमीय हेच करतव गो दिवाळीक," भागी म्हणाली. "नाव तेवडा वेगळा."

साहेब शाळेच्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"मी फक्त ऐकत होतो, बाई."

"मला आधी सांगायला काय झालं होतं? मी वेळा मांडल्या, तरवाल्याला थांबवलं, तिकडे माडीवर स्वयंपाक सांगून आले."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घाई केली नसती," ते म्हणाले. "तुम्ही घाई करत होता म्हणून मास्तरांना वाटलं, मी खरंच वेळेत निर्णय देणार आहे."

म्हणजे माझ्या वैतागालाही त्यांनी कामाला लावलं होतं. मी म्हटलं, "आयुष्यभर असंच केलंत?"

त्यांनी चष्मा पुसला नाही. "जमेल तेव्हा," ते म्हणाले. "बहुतेक ठिकाणी सूर्य मावळायची सोय नव्हती." आतून त्या माणसांचं गाणं सुरू झालं होतं, शब्द परके, चाल बरीचशी आपल्याकडची. साहेब उठून आत गेले.

रविवारी सगळे बोटीत चढले. रिबकाबाईंच्या केसांना अजून तेलाचा वास होता. पडावात बसताना त्या मला म्हणाल्या, "झालं बाई माझं." पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. फरशी माझ्या गोदामात राहिली. मास्तरांनी तिच्याबद्दल दोन वर्षं पत्रं लिहिली, मग तेही इस्राएलला गेले. मी दर हंगामात साहेबांना विचारायची, फरशीचं काय? ते म्हणायचे, "संगमरवर आहे, बाई. खराब होत नाही." ती अजून तिथेच आहे. सुंभाच्या वळकट्या जमिनीची ओल धरू नयेत म्हणून मी त्या तिच्यावर ठेवते.

पुढे गट लहान होत गेले. आठाचे पाच झाले, पाचांचे तीन. बघायला यायची ती माणसंच संपत आली होती. शेवटच्या हंगामात साहेब एकटे आले, नेहमीसारखे बूट हातात घेऊन, आणि मंडळाच्या वार्षिक अहवालासाठी माझी सही घेतली. मी विचारलं, "तुम्ही नाही जात इस्राएलला?" "चौकशी केली होती," ते म्हणाले. "ते म्हणाले, या. मी म्हटलं, बघू."

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. साहेब मुंबईत आठ दिवसांच्या तापाने वारले. उशाशी मंडळाचे छापील कागद होते, त्यांचं काय करावं म्हणून पुतण्याने विचारलं होतं.

साहेब त्या गावाला दर वर्षी मार्गशीर्षात जायचे, तेलणीच्या दगडाला गाव नारळ देतं त्या दिवशी. ते गेल्याचं गावाला कळवणं हे माझं काम होतं. पत्र पिशवीत घालून मी गेले. कामाला उशीर नको म्हणून नारळाच्या आधीच सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. पण तरीची होडी उशिरा सुटली, मी पोचले तेव्हा माणसं जमली होती आणि दाजी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहिले होते. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडचं देवाशी बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा.

"गे माये तेलणी," दाजी म्हणाले, "गावातली बाळंतीण सुखरूप सुटांदे."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"तुजा चेडू दर्यापलीकडे गेला, तेका थयसर बरा ठेव."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमचो साहेब औंदा येवक नाय. खंय बोटीत अडाकलो आसात, खंय कोणाचा ऐकत बसलो आसात. तेका वाट दाखय, आणि फुडल्या वर्साक सुखरूप हयसर आणून सोड."

भागी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, साहेबांचा निरोप घेऊन मी आले आहे.

एजन्सी चालवताना मी कोणाला कधी खोटी आशा लावली नाही. बोट रद्द झाली की दारातल्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि कोणी कितीही काकुळतीला आलं तरी पुसत नाही. त्या दिवशी मी पत्र पिशवीतून काढलं नाही. सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हटलं, खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि पाच वाजायच्या आत तरीची होडी गाठायची म्हणून उतार उतरायला लागले.